गिअरबॉक्स पोचतो, पण कान तुटून: जड पार्ट कमी खर्चात धड कसा पाठवायचा

तक्रार ठरलेलीच असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत जुना पण चांगला गिअरबॉक्स मिळतो, फोनवर सौदा होतो, पैसे जातात. विकणारा ‘एकदम टाइट पॅकिंग करतो शेठ’ म्हणून सांगतो. काही दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून फोन येतो आणि जाऊन बघावं तर खोक्याचा तळ गेलेला, सगळा भार सुतळीवर, आणि बेल हाउसिंगचा (इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या ओतीव आवरणाचा) एक कान, म्हणजे बोल्ट बसायचं टोक, जागेवर नाही. वर बिल्टीत, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीत, वजन तीसच्या जागी ऐंशी किलो.

जुन्या मारुती ८००, ओम्नी, जिप्सी नाहीतर महिंद्राच्या जीपा सांभाळणाऱ्या कुणालाही हे नवं नाही. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे या गाड्यांचे पार्ट मुंबईहून, पुण्याच्या नाना पेठेतून, कधी थेट दिल्लीहून येतात आणि इथून पुढे कोकणात, गोव्यात जातात. पार्ट शोधण्यापेक्षा तो आणण्यातच जास्त डोकं जातं.

पार्ट तुटणं आणि भाडं फुगणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे. जड लोखंडाला आपण काचेच्या भांड्यासारखं पॅक करतो: मोठा खोका, भरपूर थर्माकोल, वर लाल अक्षरात ‘नाजूक’. मोठ्या खोक्यामुळे भाडं वाढतं आणि थर्माकोलमुळे पार्ट तुटतो. जड पार्टला गादी नको, त्याला फळीला जखडायला हवं. जखडला की खोका लहान होतो, कित्येकदा खोका लागतच नाही, आणि भाडं आपोआप उतरतं.

आधी तुटलेला माल नीट बघा

माल खराब आला की शिव्या हमालाला पडतात. त्याचा दोष असेलही, पण खोका बोलतो, त्याचं आधी ऐका.

थर्माकोलचा चुरा झालाय आणि खोक्याला आतून भोक पडलंय, तर पार्ट आतल्या आत फिरत होता. खोका बाहेरून धड आहे आणि तरी पार्ट तुटलाय, तर तेच कारण, फक्त खोका जाड होता. फळीचा एक कोपरा चेचलेला दिसतोय आणि त्याच बाजूचा कान गेलाय, तर नग उंचावरून पडला आणि पार्ट चुकीच्या जागेवर टेकवलेला होता. मशीन केलेल्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे असतील तर पार्ट फळीवर घसरत आलाय, म्हणजे पट्टी ढिली पडली. आणि खोका तेलाने भिजून लापशीसारखा झाला असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही, तेल नीट काढलेलं नव्हतं.

यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त वेळा सापडतं. थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही. गिअरबॉक्सचं सगळं वजन दोन-तीन टोकांवर येतं; पहिल्या दोन खड्ड्यांतच तिथला थर्माकोल बसतो आणि बोटभर फट पडते. त्यानंतर प्रत्येक धक्क्याला पार्टला तेवढी धाव मिळते आणि तो खोक्यावर आपटतो. ओतीव ॲल्युमिनियम किंवा बिडाचं लोखंड वाकत नाही, सरळ तुकडा पडतो. बबल रॅपचं तर नावच काढू नका; तीस किलोखाली त्याचे सगळे फुगे दुकानातून निघतानाच फुटलेले असतात.

त्यात माल एकाच गाडीने येत नाही, हेही लक्षात घ्या. दुकानातून टेंपो, बुकिंगचं गोडाऊन, तिथून मोठ्या हबला, लाइनची गाडी, पुन्हा इकडचा हब, मग आपल्या गावचं गोडाऊन. प्रत्येक ठिकाणी नग चढतो आणि उतरतो. ट्रकच्या फाळक्यावरून खाली येताना तो हळुवार ठेवला जाईल असं धरून पॅकिंग करू नका. पडणारच आहे असं धरून करा.

फळीला जखडायचं म्हणजे नेमकं काय

मारुती ८०० चा गिअरबॉक्स घेऊ. बेल हाउसिंगचा तोंडाकडचा भाग सपाट असतो आणि तिथे इंजिनाला बसणाऱ्या बोल्टची भोकं असतात. गाडीत गिअरबॉक्स इंजिनाला त्याच भोकांतून आवळलेला असतो, म्हणजे भार घ्यायला याहून भक्कम जागा दुसरी नाही. तेव्हा तो उलटा करून तोंडावर उभा करायचा आणि त्याच भोकांतून फळीला आवळायचा.

फळी १८ एमएम प्लायची घ्या. तोंडापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठी, जास्त नको. गिअरबॉक्स त्यावर ठेवून पेन्सिलने भोकांच्या खुणा करा. इनपुट शाफ्ट मध्ये असतो आणि त्याचं टोक फळीला टेकू शकतं; टेकलं तर आपटल्यावर सगळा मार त्या शाफ्टच्या बेअरिंगला बसतो. म्हणून तिथे शाफ्टच्या टोकापेक्षा मोठं भोक पाडायचं. फळीखाली दोन रिपा ठोकायच्या, साधारण दोन इंच जाडीच्या, म्हणजे बोल्टची डोकी आणि शाफ्टचं टोक जमिनीपासून वर राहतं. शिवाय खाली बोटं घालायला जागा मिळाली की माणूस नग उचलतो. नाही मिळाली की ढकलतो, नाहीतर पालथा करून लोळवतो. एवढ्या दोन रिपांनी मालाचं निम्मं रक्षण होतं असं माझं मत आहे.

बोल्ट भंगारातले चालतील, पण मापाचे घ्या. खालून मोठे वॉशर घाला, नाहीतर बोल्टचं डोकं प्लायमध्ये रुततं आणि आवळलेलं सगळं दुसऱ्या दिवशी ढिलं. चारच बोल्ट पुरे, पण समोरासमोरचे घ्या. डाव्हेल पिना (तोंड नेमकं जुळवणाऱ्या, बाहेर आलेल्या खुंट्या) जागेवर असतील तर त्यांच्यासाठीही फळीत भोक पाडा. नाहीतर तोंड पूर्ण टेकत नाही, डुगडुगतं, आणि आवळताना कानच तडकतो. माल निघण्याआधीच तुटण्याचा हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

आता वरून फक्त एक उपडी टोपी: पाच प्लायचा (पाच थरांच्या पुठ्ठ्याचा) खोका किंवा नुसतं जाड गोणपाट. गिअर लिव्हरचा शाफ्ट, स्विच, स्पीडोमीटर केबलची जागा अशी बाहेर आलेली टोकं असतील तर त्यांच्यावर जुन्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून टेपने गुंडाळा. सुटणारं असेल ते सोडवून वेगळ्या पिशवीत घालून फळीलाच बांधा.

प्लाय महाग वाटला तर भंगारवाल्याकडे जुन्या पॅलेटच्या फळ्या असतात. आमच्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे अशा फळ्यांना तोटा नाही. पॅकिंग शिकायचं तर याच लोकांकडून शिकावं. ब्रेक ड्रम आणि फ्लायव्हील टनावारी पाठवणारे हे लोक थर्माकोलकडे बघतही नाहीत. त्यांच्याकडची ती हिरवी पॉलिएस्टर पट्टी घ्या. पिवळी-पांढरी साधी पीपी पट्टी जड मालावर ताणून सैल पडते. एक मात्र ध्यानात ठेवा: माल परदेशात जायचा असेल, दुबईचा कुणी जीपवाला मित्र पार्ट मागवत असेल, तर कच्च्या लाकडाच्या फळ्या चालत नाहीत. लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून त्यावर तसा शिक्का असावा लागतो. प्लायला ही अट नाही, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या नगाला प्लायच वापरावा.

प्रत्येक पार्टची खोड वेगळी

सिलिंडर हेड दिसायला सपाट आणि सोपं, म्हणून लोक ते सरळ फळीवर आडवं ठेवतात. कॅमशाफ्ट आत असेल तर एक-दोन व्हॉल्व्ह कायम उघडे असतात आणि त्यांची डोकी गॅस्केट बसते त्या सपाट बाजूच्या खाली आलेली असतात. अख्ख्या हेडचं वजन त्या दोन व्हॉल्व्हवर! पोचेपर्यंत ते वाकतात, वरून काही दिसत नाही, आणि गाडीला बसवल्यावर एका सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही म्हणून मिस्त्री आठ दिवस डोकं धरून बसतो. उपाय दोन आहेत. कॅमशाफ्ट काढून वेगळा पाठवा, नाहीतर हेडच्या दोन्ही कडांखाली रिपा देऊन मधली जागा मोकळी ठेवा आणि हेड बोल्टच्या भोकांतून आवळा. गॅस्केटची बाजू ही पार्टची सगळी किंमत असते. तिच्यावर हार्डबोर्डचा तुकडा लावल्याशिवाय गोणपाट गुंडाळू नका.

अख्खं इंजिन ऑइल संपवर बसवू नये. संप पत्र्याचा असतो, दबतो, आणि आतली ऑइलची जाळी त्याला टेकली की तेल ओढणं बंद. इंजिन माउंटिंगच्या जागा वापरून लाकडी चौकटीला बोल्ट करा, संप हवेत राहू द्या. गॅरेजमध्ये आपण इंजिन जुन्या टायरात बसवतो तसं स्वतःच्या छोट्या हत्तीमधून आणायचं असेल तर ठीकच आहे. ट्रान्सपोर्टला मात्र टायरातलं इंजिन कलंडतं. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आधीच काढून वेगळ्या खोक्यात भरा. इंजिनाला लटकत गेलेला डिस्ट्रिब्युटर धड पोचलेला मी तरी पाहिलेला नाही.

ब्रेक डिस्क आणि ड्रमचं काम सगळ्यात सोपं. मधल्या भोकातून लांब बोल्ट, वर-खाली प्लायच्या चकत्या, प्रत्येक दोन डिस्कमध्ये पुठ्ठा, आणि नट आवळा. गठ्ठा एकजीव झाला की खोक्याचीही गरज नाही. पाटे (लीफ स्प्रिंग) तर गोणपाटात गुंडाळून बाइंडिंग तारेने तीन जागी बांधले की झालं. त्यांना खोक्यात घालणं म्हणजे खोका वाया. अलॉय व्हील जोडीने, तोंडाला तोंड, मध्ये पुठ्ठा. चारही एकत्र बांधू नका, नग इतका जड होतो की कुणीतरी तो लोळवतोच.

नगाचं वजन किती ठेवायचं याबद्दल माझा ठाम आडाखा आहे. पंचवीस-तीस किलोपर्यंतचा नग एक माणूस उचलतो आणि खाली ठेवतो. ऐंशीच्या वर गेला की दोघं येतात किंवा हातगाडी येते. धोका मधल्या वजनाला. पन्नास-साठ किलो म्हणजे सिमेंटच्या पोत्याएवढं. सवयीने एकटा हमाल पाठीवर घेतो आणि जागा आली की पोत्यासारखंच सोडतो. पोतं फुटत नाही, आपला पार्ट फुटतो. तेव्हा साठ किलोचा माल असेल तर त्याचे तीस-तीसचे दोन नग करा, पण बिल्टी एकच करा. बहुतेक ट्रान्सपोर्टवाले प्रत्येक बिल्टीला किमान भाडं लावतात. दोन बिल्ट्या केल्या की दोनदा.

वजन तीस, बिल ऐंशीचं

यात बहुतेक वेळा फसवणूक नसते. गाडीत जागा विकली जाते, म्हणून खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचं वजनही काढतात आणि दोन्हींतलं जास्त असेल ते लावतात. ट्रान्सपोर्टवाला इंचांत मोजतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १७२८, की घनफूट. मग प्रत्येक घनफुटाला ठरावीक किलो धरतो, कुणी सहा, कुणी आठ, कुणी दहा. कुरिअरवाला सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला सहसा ५००० ने भागतो.

आता आपला तीस किलोचा गिअरबॉक्स घ्या. फळीला जखडून टोपी घातल्यावर नग २४ बाय १८ बाय १५ इंच झाला, तर पावणेचार घनफूट. आठच्या हिशेबाने बरोबर ३० किलो. म्हणजे खरं वजन तेच बिलाचं वजन. तोच गिअरबॉक्स थर्माकोलसकट ३० बाय २४ बाय २४ च्या खोक्यात घातला की १० घनफूट, म्हणजे ८० किलो. दहाचा हिशेब असलेल्याकडे १०० किलो! कुरिअरच्या सूत्राने हाच खोका साडेछप्पन किलोच्या आसपास जातो. गिअरबॉक्स तोच, जादा पैसे थर्माकोल फिरवून आणण्याचे.

मोजताना टेप सगळ्यात बाहेरच्या टोकाला लागतो. एखादा बोल्ट चार इंच बाहेर राहिला असेल तर खोका तिथपर्यंत आहे असंच धरलं जातं. म्हणून रिपा फळीच्या बाहेर काढू नका, बोल्टचं जादा टोक कापा, टोपी फुगू देऊ नका. बुक करण्याआधी नगाचे फोटो टेप लावून काढा आणि काट्यावरचा आकडाही फोटोत घ्या. बिलावर वाद झाला की फोन करून भांडण्यापेक्षा हे फोटो पाठवले की लवकर निकाल लागतो.

याच हिशेबात एक गंमत आहे. जड पार्ट मुळात स्वस्तच जातात. महाग पडतात ते हलके आणि ऐसपैस. ६६ बाय २४ बाय १६ इंचांत बांधलेला बंपर चार-पाच किलोचा असतो, पण आठच्या हिशेबाने त्याचं बिल ११७ किलोचं होतं. बंपर, डॅशबोर्ड, दरवाजे शक्यतो जवळच्या गावात शोधा, किंवा कुणाच्या येणाऱ्या गाडीच्या टपावर टाका. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र लांबून आणायला हरकत नाही.

भाडं ठरलं एक, हातात आलं दुसरं

किलोचा दर ऐकून माणूस खूश होतो. मग बिल्टी चार्ज, तिकडची हमाली, इकडची हमाली, दारापर्यंत आणायचे वेगळे, आणि चार दिवस उशिरा गेलात तर गोडाऊनचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार. म्हणून दर विचारूच नका. असं विचारा: ‘अमुक इंचांचा, अमुक किलोचा एक नग, कुर्ल्याहून कोल्हापूर गोडाऊनपर्यंत, सगळं धरून किती?’ आणि उत्तर व्हॉट्सॲपवर घ्या.

दारापर्यंत डिलिव्हरी जड मालाला सहसा परवडत नाही. गोडाऊन डिलिव्हरी घ्या आणि स्वतः टेंपो घेऊन जा. बहुतेक शहरांत ट्रान्सपोर्टची गोडाऊनं एकाच भागात असतात, त्यामुळे दोन-तीन गॅरेजवाल्यांचा माल एकाच खेपेत निघतो. विकणाऱ्याकडूनही तसंच करून घेता येतं. त्याला सांगा की तुमच्या गल्लीतून आमच्या गावाला जाणारा आणखी कुणाचा माल असेल तर एकाच बिल्टीत टाक. कुर्ल्यात हे रोज चालतं, फक्त कुणी विचारत नाही.

‘टू-पे’ की आधी पैसे, यात मी टू-पेच्या बाजूचा. भाडं पोचल्यावर द्यायचं असलं की माल आल्याचा फोन वेळेवर येतो.

कुठला नग कुठल्या वाटेने

अल्टरनेटर, स्टार्टर, कार्ब्युरेटर, ब्रेक सिलिंडर असं लहान पण वजनदार सामान रात्रीच्या खाजगी बसच्या डिकीतून किंवा एसटीच्या पार्सलने मागवावं. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात पडतं. बसवाल्याकडे कागद जुजबी असतो, हरवलं तर हरवलं, म्हणून महागाचं त्यात टाकू नये. पोस्टाचं पार्सल ३५ किलोपर्यंत जातं, आणि जिथे ट्रान्सपोर्टचं गोडाऊन नाही अशा गावाला पोस्टच बरं. फक्त खेड्यातल्या छोट्या शाखेत कमाल वजन कमी असतं, आधी विचारून जा.

लांबच्या पल्ल्याला रेल्वे विसरू नका. निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस पुणे, सातारा, सांगली करत मिरजेला येते, आणि दिल्लीच्या मालाला ती वाट सोयीची आहे. रेल्वेला पॅकिंग पक्कं लागतं, नगावर पत्ता आणि स्टेशनचं नाव ठळक लागतं, आणि मोठ्या थांब्याच्या स्टेशनलाच बुक करावं. दोन मिनिटांच्या थांब्यात इंजिन उतरवायला कुणी धावत नाही. ते पुढच्या जंक्शनला जातं आणि मग त्याला परत आणणं हा वेगळा उद्योग होतो.

तीस किलोच्या वरचं बाकी सगळं पार्ट-लोड ट्रान्सपोर्टने, म्हणजे एकाच ट्रकमध्ये अनेकांचा माल नेणाऱ्याकडून. कुरिअरला जड लोखंड देणं म्हणजे घाईचे पैसे मोजणं, आणि जुन्या गाडीला घाई कसली?

पत्ता मात्र कागदावर लिहून भागत नाही. चिठ्ठी फाटते, खोका बदलला जातो. ऑइल पेंटने किंवा पेंट मार्करने नाव, गाव, मोबाइल आणि ‘नग १ पैकी १’ असा मार्का थेट लोखंडावर आणि फळीवर, दोन्हीकडे टाका.

माल नाकारला, किंवा मध्येच अडकला

पहिलं कारण तेल. गिअरबॉक्सचा ड्रेन उघडून तेल काढलं तरी आत वाटीभर राहतंच. ड्राइव्ह शाफ्ट काढलेल्या दोन्ही जागा उघड्या असतात, वर ब्रीदर (हवा जायचं छोटं भोक) असतो. नग उलटा झाला की तेल तिथून बाहेर. शेजारी कुणाच्या कपड्याच्या गाठी असतील तर भरपाई आपल्या नावावर येते. तेल काढल्यावर पार्ट रात्रभर दोन-तीन कुशींवर निथळत ठेवा, शाफ्टच्या जागी बुचं किंवा प्लॅस्टिक आणि चिंध्यांचा बोळा घट्ट बसवा, ब्रीदरला टेप लावा, आणि फळीवर ठेवायच्या आधी जाड प्लॅस्टिकचं एक अस्तर द्या. इंजिनातलं पाणीही काढायचं असतं, ते विसरतात. पेट्रोलची टाकी, पंप, कार्ब्युरेटर वासासकट कुणी घेत नाही. पूर्ण रिकामं करून, धुऊन, वाळवूनच द्या.

दुसरं कारण म्हणजे विमानाने जाणारं कुरिअर. गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर, डिकीचे गॅसचे दांडे, ॲसिडची बॅटरी ही विमानाच्या नियमांत धोक्याच्या मालात मोडतात. बुक करताना ‘सरफेस’ म्हणून लिहून घ्या. बॅटरी तर मागवूच नका. गावात नवी घेऊन जुनी बदल्यात द्या. एअरबॅगमध्ये फुगवायला स्फोटक असतं, ती ना पोस्टाने जाते ना रेल्वेने, आणि जुनी एअरबॅग गाडीला बसवावी याच मताचा मी नाही.

तिसरं, कागद. इंजिनावर नंबर असतो, म्हणून विकणाऱ्याचं बिल त्या नंबरासकट हवंच. एक प्रत बिल्टीबरोबर, एक खोक्यात. राज्याबाहेरून येणारा माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. जुन्या मारुतीच्या पार्टला तिथपर्यंत जायची वेळ येत नाही, पण पजेरोचं इंजिन आणणाऱ्याला येते.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर पुठ्ठ्यावर विसंबू नका. ओला पुठ्ठा वजन धरत नाही. टोपीवर ताडपत्रीचा तुकडा घाला. पण पार्ट रॉकेलने धुऊन ओला असतानाच प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधला तर आतच गंज चढतो. पूर्ण वाळवा, मशीन केलेल्या जागांना ग्रीस किंवा गंजरोधक तेल लावा, मग बांधा. काळं वापरलेलं इंजिन ऑइल फासायची सवय बऱ्याच जणांना आहे, त्यात आम्ल उतरलेलं असतं. फ्लायव्हील, क्रँकसारख्या पार्टला फाउंड्रीवाले वापरतात तो व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं.

गोडाऊनमध्ये माल ताब्यात घेताना

सही करायच्या आधी टोपी उचला. हमाल घाई करतील, ‘बादमें देखो’ म्हणतील. मामांना चहा सांगा आणि शांतपणे बघा. तुटलं असेल तर डिलिव्हरीच्या प्रतीवरच ‘माल तुटलेला मिळाला’ असं लिहून, काय तुटलं ते लिहून मग सही करा. कोरी सही म्हणजे माल धड मिळाल्याची कबुली. एका ट्रान्सपोर्टने माझ्या फुटलेल्या ट्रान्सफर केसच्या तक्रारीवर एवढाच प्रश्न विचारला होता: शेरा आहे का? शेरा होता, म्हणून बोलणं पुढे सरकलं.

भरपाई किती मिळते हे मात्र आधीच माहीत असू द्या. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालच्या नियमांप्रमाणे, जास्त जोखमीचा दर ठरवून दिला नसेल तर ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच आहे, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडं ६०० रुपये असेल तर जास्तीत जास्त ६,०००. चार हजारांच्या गिअरबॉक्सला पुरतं. पंचवीस हजारांच्या इंजिनाला नाही, तिथे जादा दर देऊन खरी किंमत लिहा किंवा मालाच्या प्रवासाचा विमा उतरवा. भाडं वाचवायला किंमत ‘५०० रुपये, भंगार’ अशी लिहिणाऱ्यांना मग तेवढेच मिळतात. रेल्वेत किंमत जाहीर करून त्यावरचा आकार भरला नसेल तर किलोला ५० रुपये, म्हणजे तीस किलोच्या नगाला १,५०० रुपयांवर बात संपते.

दाव्याची लेखी नोटीस ट्रान्सपोर्टला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, माल मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. रेल्वेला सहा महिने. फोनवर ‘बघतो, करतो’ चालू असतानाच नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून द्या, सोबत बिल्टी, बिल, शेरा मारलेली प्रत आणि ते टेप लावलेले फोटो.